रक्त कुणी काढलं, किती वाजता?

एमएस्सी करून फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रोजेक्टला लागले, तेव्हा वाटलं होतं की इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) कुणाला लागू पडणार हे रक्तावरून ओळखायचं. पहिले चार महिने मी वॉर्ड ते सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणारं मशीन) एवढंच पळत होते.

औषध लागू पडेल का याच्या अंदाजासाठी बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल१ हे प्रोटीन बघतातच. पण तुकडा पुरत नाही, पुन्हा सुई घालायला पेशंट तयार नसतो. म्हणून रक्त. सगळ्यात स्वस्त मार्कर, म्हणजे आजाराची खूण, साध्या सीबीसीतच (रक्तपेशींची मोजणी) मिळतो: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशीच), म्हणजे एनएलआर. तो वाढणं चांगलं लक्षण नाही. एका काकांचा पंधरा दिवसांत ३ वरून ११ वर गेला. मी शीटमधला तो चौकोन लाल करून मीटिंगला गेले. मॅडमनी एवढंच विचारलं, “डेक्सा चालू आहे का?” होतं, आजार मेंदूत पसरला होता. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड. त्याने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. आता माझ्या शीटमध्ये औषधांचा रकाना आधी, आकडा नंतर.

एलडीएच या पेशींतल्या एन्झाइमचंही तेच, आकडा फसवू शकतो. सिरम गुलाबी दिसलं की तांबड्या पेशी फुटल्यात, त्यांच्यातलं एलडीएच बाहेर आलंय. तो आकडा सोडून द्या.

सीटीडीएनए, म्हणजे गाठीतून रक्तात आलेले डीएनएचे तुकडे, त्यासाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी) काही तासांतच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी लागते. नाहीतर पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए हरवून जातो. एकदा ट्यूब संध्याकाळपर्यंत टेबलावरच राहिली. मी वॉर्डातल्या मामांवर चिडले. पण फॉर्मवर वेळ लिहायला जागाच मी ठेवली नव्हती.

या विषयावर वाचायचं असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ‘लिपी’ (LIPI) स्कोअरपासून सुरुवात करा. एनएलआरचाच एक भाऊबंद ३ च्या वर आणि एलडीएच नॉर्मलच्या वर, एवढ्या दोनच गोष्टी. २०१८ च्या मूळ अभ्यासात चांगल्या आणि वाईट स्कोअरचे पेशंट किती जगले यात इम्युनोथेरपीच्या पेशंटमध्ये फरक दिसला, केमोच्या छोट्या गटात नाही. सगळ्यांना वाटलं, मार्कर सापडला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) बऱ्याच ट्रायल्सचा डेटा एकत्र करून पाहिला, तर केमोवाल्यांतही तोच फरक! म्हणजे स्कोअर आजार किती जड आहे ते सांगतो. अमुक औषध द्या, असं नाही. पहिलं प्रोग्नॉस्टिक, दुसरं प्रेडिक्टिव्ह.

इंटरव्ह्यूत मला नेमकं हेच विचारलं होतं आणि मी उलटं सांगितलं. तरी घेतलं, पिपेट नीट धरता येत होतं म्हणे.