चॉक घेण्याआधी चाक मोजा

मे संपत आला की गोव्यात, आमच्या डिचोलीत कौलं चाळून होतात, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरून होतो आणि मग पडवीतल्या मोटरसायकलकडे लक्ष जातं. तिला चवथीपर्यंत, म्हणजे गणपती येईपर्यंत, घरीच उभी ठेवायची, की पिकअपमध्ये घालून चोर्ला घाटातून बेळगावला न्यायची, हे आधी ठरवा. व्हील चॉक, म्हणजे पुढचं चाक आत घालून सरळ उभं ठेवायचा लोखंडी साचा, दोन्ही कामांसाठी मिळतो, पण पडवीत शोभणारा चॉक घाटात टिकेलच असं नाही.

ठरलं की कागद-पेन्सिल घेऊन पुढच्या चाकाशी बसा. टायरच्या कडेवरचे आकडे उतरवून घ्या. ९०/९०-२१ म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम २१ इंची. पाळण्यासारख्या चॉकमध्ये चाक पुढे ढकललं की झुला उलटतो आणि त्याचं मागचं टोक उचलून चाकाला पाठीमागून अडवतं. हा झुला बरोबर जागी थांबायला चाकाची गोलाई जुळावी लागते. ॲक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची, ड्यूकचं १७, नव्या क्लासिक ३५०चं १९, जुन्या ४११ सीसी हिमालयनचं २१. जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंत मोजलंत तर ॲक्टिव्हा आणि हिमालयनमध्ये वीतभर फरक निघतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. ‘सर्व गाड्यांना चालेल’ असं वाचून मी हिमालयनसाठी एक चॉक मागवला. चाकाच्या मापाप्रमाणे झुला पुढेमागे बसवायची त्याची भोकं १९ इंचांवर संपत होती. चाक पुढच्या कमानीला आधीच टेकायचं, झुला अर्धवट उलटायचा आणि गाडी दारू प्यायल्यासारखी झुलायची. शेवटी तो शेजारच्या ड्यूकवाल्या पोराला निम्म्या किमतीत दिला. त्याचं मस्त चाललंय. म्हणून विकणाऱ्याला विचारताना ‘माझ्या गाडीला बसेल का’ असं विचारू नका. किती इंचापासून किती इंचापर्यंत आणि किती रुंद टायर, एवढंच विचारा.

शक्य असेल तर गाडी दुकानात नेऊन चाक आत घाला आणि बाजूने वाकून बघा. ब्रेकची डिस्क किंवा कॅलिपर चॉकच्या लोखंडाला लागत असेल तर तो चॉक तिथेच ठेवून या. बुलेटच्या मोठ्या मडगार्डच्या सळया कमानीला घासतात, तेही पाहा. एखाद्या पायलटाची, म्हणजे आमच्याकडच्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्याची, गाडी न्यायची असेल तर जास्तच जपा, त्याच्या पिवळ्या मडगार्डवर ओरखडा उठला तर रंगाचे पैसे तुमच्याकडून वसूल होतील.

आता वाहतूक. सर्वांत मोठा गैरसमज असा की चॉक गाडी धरून ठेवतो. तो फक्त पुढचं चाक सरळ ठेवतो, म्हणजे पट्टे बांधताना दुसरा माणूस लागत नाही. घाटाच्या वळणावर दोनशे किलोच्या आसपासची गाडी पट्टेच धरतात. चार रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याच्या दांडीने ताणायचे पट्टे, घ्या, दोन पुढे, दोन मागे. सुंभ किंवा नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि सैल पडते. पुढचे पट्टे हँडलच्या टोकांना अडकवू नका, फोर्कला जिथे खालचा क्लॅम्प असतो तिथे मऊ फासा घालून अडकवा आणि गाडीपासून बाहेरच्या बाजूला, पुढे तिरके उतरू द्या. शॉकअप थोडे दबेपर्यंत ताणा, पार तळाला नेऊ नका. पूर्ण दाबून ठेवलं तर तेलाची सीलं ताणात राहतात. मागचे पट्टे मागचं चाक बाजूला सरकू नये आणि उसळू नये एवढ्यापुरतेच. साइड स्टँड वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद. स्टँडवर उभी ठेवून बांधलेली गाडी खड्ड्यात आपटली की सगळा भार त्या एका दांडीवर येतो.

चॉक हौद्याला बोल्टनेच बसवा. पत्र्यात स्क्रू पिळून चालत नाही. आरपार बोल्ट, खाली जाड पट्टी आणि मोठे वॉशर, वर लॉक-नट. भोक पाडण्याआधी वाकून खालून बघा, पिकअपची इंधनाची टाकी कुठे आहे आणि वायरिंग कुठून जातं ते. हे काम फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायला मला लाज वाटत नाही. पिकअप इतर कामालाही लागत असेल तर पिनेवर निघणारा चॉक घ्या, नाहीतर आंब्याच्या पेट्या भरताना रोज त्याला ठेच लागेल.

गाडी चढवायला रुंद फळी आणि दोन माणसं हवीत. फळीचं वरचं टोक फाळक्याच्या कडेला बांधा. निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरांवर थांबा आणि पट्टे पुन्हा ताणा. आमच्या बाजूने केरीला तपासणी नाक्यावर थांबावंच लागतं, तिथे दुसऱ्यांदा हात फिरवा. आरसी आणि इन्शुरन्सची प्रत ड्रायव्हरजवळ असू दे. उतरवताना मागचे पट्टे आधी, पुढचे शेवटी, आणि पुढचे सोडताना एकजण हँडल धरून.

गाडी घरीच ठेवायची असेल तर चॉकच्या ताकदीपेक्षा जमिनीचा विचार करा. गुळगुळीत फरशीवर सुटा चॉक गाडी मागे ओढताना गाडीबरोबरच घसरत येतो. खाली रबराची चटई घाला किंवा प्लायवुडच्या जाड फळीला बोल्टने आवळा. शेणाने सारवलेल्या जमिनीत त्याचे पाय रुततात, तिथेही फळीच बरी.

किनारपट्टीच्या गावांत खारी हवा रंगाच्या पापुद्र्याखाली शिरते. त्यामुळे नुसत्या काळ्या रंगाच्या चॉकपेक्षा जस्ताचा मुलामा असलेला घ्या आणि बोल्टना ग्रीस लावा. गाडी धुऊन, पूर्ण वाळवून आत आणा. साखळीला तेल घाला. टायरमध्ये हवा भरा. मागचं चाक स्टँडवर उचललं तर सोन्याहून पिवळं, टायर तीन महिने एकाच जागी दाबून राहत नाही. टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं आणि आतून गंज धरतो. शिवाय पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही ओलावा ओढून घेतं. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज.

वर प्लास्टिकची ताडपत्री नको, आत घाम साचतो. जुनी सुती चादर बरी. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून सीटखाली अधूनमधून बघत जा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालणार असाल तर त्याला लांब लाल नाडा बांधून त्याचं टोक हँडलपर्यंत आणा. चवथीच्या तोंडावर, माटोळीचं म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं सामान आणायला निघताना तो डोळ्यांसमोर लोंबकळत दिसायला हवा.