‘कल्पना नाही’ म्हणजे ‘नो इमॅजिनेशन’ नव्हे

कोल्हापुरात राजारामपुरीत मी इंग्रजी संभाषणाच्या बॅचेस घेतो. पावसाळ्यात वर्गात हमखास विचारतो, पंचगंगेला पाणी किती चढलंय? मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘सर, आय हॅव नो इमॅजिनेशन.’ पोराला म्हणायचं असतं, मला कल्पना नाही. इंग्रजीत अर्थ होतो, मला कल्पनाशक्तीच नाही! तिथं ‘आय हॅव नो आयडिया’ हवं.

दोष पोराचा नाही. शब्दकोशात ‘इमॅजिन’समोर ‘कल्पना करणे’ छापलेलं असतं, आणि आपली कल्पना फार कामाची बाई आहे. साहेबांना कल्पना दिली, म्हणजे सांगितलं. तिथं ‘टोल्ड’ किंवा ‘इन्फॉर्म्ड’. भारी कल्पना सुचली, तिथं ‘आयडिया’. डोळ्यांसमोर नसलेलं मनात उभं करायचं असेल, तेव्हाच ‘इमॅजिन’. म्हणून नव्या बॅचला मी अर्थ पाठ करायला देत नाही, वाक्यं देतो.

पहिलं वाक्य: ‘आय कान्ट इमॅजिन लिव्हिंग विदाउट मिसळ.’ मिसळीशिवाय जगायचं कसं, हे डोळ्यांसमोर येतच नाही. इथं ‘लिव्हिंग’ आहे, ‘टू लिव्ह’ नाही. ‘वाँट’नंतर ‘टू’ येतो, म्हणून पोरं इथंही तोच चिकटवतात. ‘इमॅजिन’ला ‘टू’ चालत नाही, क्रियापदाला ‘आयएनजी’च लावायचं. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर माणूस मध्ये घाला. कुस्तीचं खासबाग मैदान राजर्षी शाहूंनी बांधून घेतलं, 1912 साली ते पुरं झालं. तिथं पाहुणा घेऊन गेलात तर म्हणता येईल, ‘इमॅजिन शाहू महाराज वॉचिंग अ बाउट हिअर.’ महाराज इथं बसून कुस्ती बघतायत, असं चित्र उभं राहतं.

आता ज्याकडे बहुतेक क्लासवाले ढुंकूनही बघत नाहीत ते. ‘आय इमॅजिन द शॉप्स आर क्लोज्ड.’ यात कुणी कसली कल्पना करत नाही, दुकानं बंद असणार एवढंच. आपला ‘असणार’, ‘असेल’ इंग्रजीत असा सहज उतरतो. आयईएल्टीएस या इंग्रजी चाचणीच्या तोंडी परीक्षेत तिसरा भाग चार-पाच मिनिटांच्या चर्चेचा असतो. शहरं पुढं कशी बदलतील, असले प्रश्न येतात. तिथं दर वाक्याला ‘आय थिंक’ घोकण्यापेक्षा मध्येच एखादं ‘आय इमॅजिन’ टाकलं की बोलणं मोकळं वाटतं. नकार द्यायचा तर तो ‘इमॅजिन’च्याच आधी आणा: ‘आय डोन्ट इमॅजिन ही विल कम’, तो काही यायचा नाही. या अर्थानं ‘आय ॲम इमॅजिनिंग’ मात्र म्हणू नका. कुणी ‘यू आर इमॅजिनिंग थिंग्ज’ म्हणालं, तर तो तुमचं कौतुक करत नाहीये. तुला भास होतोय, असं सांगतोय.

मुलाखतीत ‘इमॅजिन यू आर द मॅनेजर’ असं सुरू झालं, की ते आपलं ‘समजा’. गडबडून ‘नो सर, आय ॲम फ्रेशर’ म्हणू नका. असं उत्तर आलेलं आहे!

उच्चाराचं थोडक्यात: जोर ‘मॅ’वर, शेवटचं ‘जिन’ हलकं. आपल्याकडं ‘इमॅजीऽन’ असं शेपूट लांबवतात.

राहिला बायोडेटा. ‘आय ॲम ॲन इमॅजिनरी पर्सन’ असं लिहिलेले कागद मी तपासलेत. इमॅजिनरी म्हणजे काल्पनिक, म्हणजे असा उमेदवार मुळात नाहीच. कल्पकला ‘इमॅजिनेटिव्ह’ म्हणतात. खरं विचाराल तर तेही लिहू नका. गॅदरिंगला कमी पैशांत स्टेज कसं उभं केलं, ते दोन ओळींत लिहा.