रोममध्ये ग्रुप घेऊन जमिनीखाली उतरताना

मे महिन्याच्या सुट्टीतला, टूर मॅनेजर म्हणून माझा पहिला रोमचा ग्रुप. 32 माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. रोमन फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, ऊन रणरणतंय, सावली नाही आणि मी आदल्या रात्री पाठ केलेली सनावळी घडाघडा म्हणतोय. वीसेक मिनिटांनी मागून एक काकू म्हणाल्या, "अरे, हे सगळं पडकंच आहे का?"

माझ्या दोन चुका झाल्या होत्या. पहिली कायद्याची. इटलीत अशा ठिकाणी माहिती सांगायचं काम परवाना असलेल्या गाइडचं. भारतातून ग्रुपबरोबर गेलेला टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. त्यामुळे झेंडा उंच धरून सीझरवर भाषण ठोकायला जाऊ नका, दंड होतो. आपली बोलायची जागा म्हणजे बसमधला माइक. जे सांगायचं ते तिथे, मराठीत, निवांत सांगून टाका. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची, रोमन व्यापारातून आलेली छोटी कांस्यमूर्ती सापडली आणि ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, एवढं सांगितलं की रोमचा आपल्याशी काय संबंध हा प्रश्नच उरत नाही. (कोल्हापूरकर असतील तर पुढची दहा मिनिटं माइक त्यांच्याकडे जातो, हे गृहीत धरा.)

दुसरी चूक म्हणजे मी फार सांगत होतो. पडक्या भिंतींत माणसाला आपसूक काही दिसत नाही. एक गोष्ट निवडायची आणि तिच्यासमोर उभं करायचं. माझी ठरलेली जागा म्हणजे सम्राट अँटोनायनस आणि त्याची बायको फाउस्टिना यांचं देऊळ. दुसऱ्या शतकातलं देऊळ, पुढे त्याच्याच पोटात चर्च झालं. समोर 17 मीटर उंच खांब, आणि खांबांमागे चर्चचं हिरवट दार चक्क अधांतरी, पायऱ्यांपासून कितीतरी वर. मी काही बोलत नाही. कुणीतरी विचारतंच, "या दारात जायचं कसं?" मग गाइड सांगते की दार बसवलं तेव्हा जमीन तिथवर आलेली होती. टायबरच्या पुराचा गाळ, पडलेल्या इमारतींचा राडारोडा असं साचत साचत फोरम गाडला गेला. तिथे गुरं चरायची. लोक त्याला कांपो वाच्चिनो म्हणायचे, म्हणजे गुरांचं रान. आत्ता आपण उभे आहोत ती खणून काढलेली जमीन. एकदा हे डोक्यात बसलं की रोम कळायला लागतं.

म्हणून फोरमनंतर सान क्लेमेंते. कोलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटं. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरला की चौथ्या शतकातलं, आणखी उतरलं की पहिल्या शतकातल्या रोमन इमारती आणि मिथ्रास देवाचं ठाणं. 1857 मध्ये तिथल्या आयरिश पाद्र्यांपैकी मलूली यांनी खणायला सुरुवात केली, तेव्हा हे उजेडात आलं. अगदी तळाशी गेलात की ग्रुपला गप्प करा. भिंतीमागून पाणी वाहताना ऐकू येतं. मधल्या मजल्यावर अकराव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. नोकर संताला ओढून नेतोय असं समजून दगडी खांब ओढताहेत आणि मालक सिसिनियस शिव्या घालतोय. त्या शिव्या तिथे लिहिलेल्या आहेत, इटालियन बोलीतल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक! आमच्या गाइडने इंग्रजीत सभ्यपणे आवंढा गिळला. मी मराठीत "ओढा, रांडेच्यांनो!" म्हटलं आणि दमलेला ग्रुप एकदम ताजातवाना झाला. खांदे झाकलेले हवेत आणि खाली फोटो काढायचे नाहीत, हे मात्र बसमध्येच बजावून ठेवा.

कोलोसियमबद्दल एकच. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून बघतात. यादी पासपोर्टच्या स्पेलिंगप्रमाणेच करा, व्हॉट्सॲपवरच्या नावावरून नको. एका काकांनी पासपोर्ट हॉटेलात ठेवून आधार कार्ड पुढे केलं. तपासणाऱ्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि सोडलं. दर वेळी सोडतील असं नाही. तळघराचं तिकीट वेगळं असतं, ते आधीच काढावं लागतं.

कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यांतल्या जुन्या दफनभूमीत, मला खरा धडा मिळाला. आपिया रस्त्यावरच्या सान कालिस्तोत जवळपास 20 किलोमीटर बोगदे आहेत, नऊ पोपांच्या समाध्या आहेत, आणि तिथलाच गाइड घेऊन उतरावं लागतं. दगड टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा. खणताना मऊ, हवा लागली की घट्ट. कार्ले-भाजे पाहिलेल्यांना वाटतं की असंच काहीतरी असेल, पण तिथे छत उंच असतं. इथे दोन्ही बाजूंना मढ्यांचे कप्पे आणि मधून जेमतेम एका माणसाची वाट. मी हौसेने गाइडच्या मागे पुढे चाललो होतो. शेपटीला एक काकू भिंतीला हात टेकून थिजल्या होत्या, हे मला दोन वळणांनंतर कळलं. तेव्हापासून मी सगळ्यांच्या मागे चालतो. तुम्हीही मागेच राहा. उतरण्याआधी डोकी मोजा, वर आल्यावर पुन्हा मोजा. मे महिन्यातही आत 15-16 अंश असतं, शाल घ्यायला सांगा.

आणि "कुणाला बंद जागेची भीती वाटते का?" असं चारचौघांत विचारू नका. कुणी हात वर करत नाही. आदल्या संध्याकाळी जेवताना एकेकाला "गुडघे कसे आहेत काकू?" असं विचारा. ज्यांना उतरायचं नाही, त्यांना गुडघ्यांचं निमित्त मिळतं. अशा तिघा-चौघांना वर बाकावर बसवून, पाण्याच्या बाटल्या देऊन, बाहेर पडायचं दार नेमकं कुठलं ते दाखवूनच खाली उतरा.