सवय लावायची किंवा मोडायची असेल तर आधी 'त्यानंतर काय झालं' ते बघा

एखाद्याचं वागणं बदलायचं म्हटलं की आपण आधी समजावतो, मग ओरडतो, मग परत समजावतो, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. याचं कारण असं की वागणं हे आपल्या बोलण्यावर कमी आणि त्या वागण्यानंतर लगेच काय होतं यावर जास्त चालतं. यालाच ऑपरंट कंडिशनिंग म्हणतात, मराठी पुस्तकांत साधक अभिसंधान. 1898 मध्ये थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांना खिट्टीच्या पेटीत ठेवून बघितलं होतं, बाहेर खाणं, आत मांजर, सुरुवातीला नुसती धडपड आणि चुकून खिट्टी उघडायची, पण दर वेळी वेळ कमी कमी होत गेला कारण ज्याने फायदा झाला तेच वागणं टिकलं. पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने उंदीर आणि कबुतरांवर वर्षानुवर्षं काम करून याचे नियम बांधले.

तर सुरुवात कशी करायची? चार-पाच दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहून ठेवा. आधी काय झालं, मग नेमकं काय केलं, आणि लगेच नंतर काय मिळालं किंवा काय टळलं. "तो हट्टी आहे" असं लिहू नका, "मोबाईल काढून घेतला, दहा मिनिटं किंचाळला, मोबाईल परत मिळाला" असं लिहा. असं लिहिलं की दिसतं, किंचाळण्याला बक्षीस मिळालंय. आणि अजून एक गोष्ट दिसते जी बहुतेक जण बघतच नाहीत, मोबाईल दिल्या दिल्या आवाज बंद झाला म्हणजे देणाऱ्यालाही सुटका मिळाली, त्यामुळे पुढच्या वेळी तो अजून लवकर देणार. मूल आईबाबांना शिकवतंय आणि आईबाबा मुलाला, दोघांनाही पत्ता नाही.

ही जी सुटका आहे ना तिला निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणतात, आणि इथे भरपूर लोक गोंधळतात, ती शिक्षा नाहीये. पॉझिटिव्ह म्हणजे काहीतरी आलं, निगेटिव्ह म्हणजे काहीतरी गेलं, चांगलं-वाईट असा अर्थ नाही. सीटबेल्ट लावला की गाडीतलं टिंगटिंग थांबतं, म्हणून आपण बेल्ट लावतो, ते हेच. वागणं वाढलं तर रिइन्फोर्समेंट, कमी झालं तर शिक्षा, मग तुमच्या मनात काहीही असो. तुम्ही रागावलात आणि वागणं वाढलं तर तुमचं रागावणं त्याच्यासाठी बक्षीसच आहे, एरवी कोणी लक्ष देत नसेल तर ओरडा खाणंसुद्धा चालतं.

आता हवं ते वागणं वाढवायचं. पहिले काही दिवस प्रत्येक वेळी आणि लगेच दाद द्या, संध्याकाळी आठवून दिलेल्या शाबासकीचा त्या वागण्याशी धागा जुळत नाही, लहान मुलं आणि प्राण्यांच्या बाबतीत तर अजिबातच नाही. "शहाणा आहेस" पेक्षा "न सांगता दप्तर जागेवर ठेवलंस, छान केलंस" हे जास्त कामाचं. आणि एकदम पूर्ण काम मागू नका. अर्धा तास अभ्यास हवाय तर आज वही उघडून बसला यालाच दाद द्या, उद्या पाच मिनिटं, मग दहा, याला शेपिंग म्हणतात आणि मला तरी वाटतं की लोक सगळ्यात जास्त इथेच घाई करतात. वागणं पक्कं झालं की मग दाद अधूनमधून करा.

नको ते वागणं मोडायचं असेल तर त्याला जे मिळतंय तेच बंद करायचं, पण इथे खरी कसोटी आहे. बक्षीस बंद झालं की वागणं बऱ्याचदा आधी वाढतं, रडणं जास्त जोरात, जास्त वेळ, आणि आपल्याला वाटतं उपाय फसला. तो फसलेला नसतो. या टप्प्याला तुम्ही "बरं घे" म्हणालात तर मूल एवढंच शिकतं की अजून जोरात रडावं लागतं, आणि कधी दिलं कधी नाही असं केलं तर ती सवय मोडणं सगळ्यात अवघड होऊन बसतं. स्किनर आणि त्याचा सहकारी फर्स्टर यांनी 1957 मध्ये बक्षीस कधी, कितव्या वेळी द्यायचं अशा वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथच काढला होता, कितव्या वेळी मिळेल याचा नेम नसेल तर प्राणी न थकता बटण दाबत राहतो. जुगाराचं मशीन त्यावरच चालतं आणि आपण मोबाईल परत परत उघडून बघतो तेही बरंचसं त्यामुळेच. म्हणून बंद करणार असाल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून बंद करा, एकजण जरी गुपचूप देत राहिला तरी सगळं पाण्यात.

शिक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे, मारणं नकोच. शिक्षा फक्त काय करू नये ते सांगते, काय करावं ते नाही, आणि शिक्षा देणारा बाजूला गेला की वागणं परत येतं किंवा लपून होतं, खोटं बोलणं इथूनच सुरू होतं. काही काढून घ्यायचंच असेल तर आधी सांगून, लगेच, थोड्या वेळापुरतं, आणि त्याऐवजी काय करायचं तेही दाखवून.

बक्षिसाचाही अतिरेक नको. 1973 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात त्यांनी चित्रं काढणं कमी केलं. म्हणजे जे आपणहून आनंदाने चाललंय त्याला बक्षीस लावू नका.

स्वतःसाठी सोपी युक्ती मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅकची, कंटाळवाणं काम आधी आणि आवडीचं लगेच नंतर, म्हणजे आधी व्यायाम मग मोबाईल. उलट केलं तर चालत नाही.

एक मात्र सांभाळा, डोकं आपटणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणं असं काही असेल तर "दुर्लक्ष करू, थांबेल" हा प्रयोग घरी करू नका, कारण आधी ते वाढू शकतं आणि त्या वाढण्यातच इजा होऊ शकते, तिथे सरळ मानसतज्ज्ञांना भेटा.