धक्क्यावरच्या भिंतीसाठी पैसे उभे करताना

पहाटे साडेचारला मी टेप घेऊन धक्क्यावर उभी होते. रायगड जिल्ह्यातलं छोटं मासेमारी बंदर. नवं लिलावगृह मंजूर झालं होतं, आणि त्याच्या शेजारच्या जुन्या बर्फ कारखान्याची लांबलचक भिंत आम्हाला चित्रासाठी मिळाली होती. लाद्या यंत्रात जाऊन बर्फाचा चुरा टबांत पडत होता, बोली चढत होती, खलाशी होडीतून पाट्या वर फेकत होते. डोक्यावरची कोळंबीची पाटी उतरवत एका मावशीनं मला विचारलं, "भिंत रंगवशील ती रंगव, पोरी. पण आमी बसाचं कुठं?"

परांची जिथे उभी राहणार होती, नेमकी तिथेच त्यांची कोळंबी सोलायला बसायची जागा होती. माझ्या अंदाजपत्रकात रंग होता, मानधन होतं, फोटोग्राफरही होता. त्या आठ-दहा बायकांचा विचार मात्र त्यात कुठेच नव्हता. ही २०१८ सालची गोष्ट. तेव्हापासून मी किनाऱ्यावरच्या कलाप्रकल्पांसाठी निधी उभा करायचं काम करते. या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली विचारतात, "पैसे देतं कोण?" उत्तर सांगतेच. पण पैसे नेमके कशासाठी मागायचे, हे मला त्या मावशीमुळे कळलं, आणि ते आधी कळायला हवं होतं असं आजही वाटतं.

मी जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका केली. हिशोबाचा गंध नव्हता. या कामाची ओढ लागली ती ससून डॉकमुळे. १८७५ साली अल्बर्ट ससून यांनी कुलाब्याला भराव घालून बांधलेली ही गोदी कापसाच्या व्यापारासाठी होती; आज ती मुंबईच्या मासळीची गोदी आहे. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेनं तिथे मोठा कलाप्रकल्प केला. जे. आर. या फ्रेंच कलाकाराच्या 'इनसाइड आउट' उपक्रमातून गोदीत राबणाऱ्या माणसांचे मोठाले चेहरे भिंतींवर लागले होते. मी तिथे गेले तेव्हा भिंतीवर चेहरे होते आणि खाली तीच कामं चालू होती. गोदी बंद पाडून, धुऊन-पुसून केलेलं प्रदर्शन नव्हतं ते. २०२२ च्या अखेरीस मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हल तिथेच भरला, तेव्हा मी वही घेऊन गेले आणि कुठला खर्च कोणी उचलला असेल याचा माग काढत फिरले. जागा बंदर प्राधिकरणाची, रंगाच्या कंपनीचं पाठबळ, कलाकार देशोदेशींचे. असं काम एका खिशातून होत नाही.

अमेरिकेत काही शहरांनी याची सोय कायद्यानं केली आहे. फिलाडेल्फियानं १९५९ मध्ये आणि सिअ‍ॅटलनं १९७३ मध्ये सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातला १ टक्का कलेसाठी राखायचा नियम केला. सिअ‍ॅटलच्या किनाऱ्यावरचा जुना उड्डाणमार्ग २०१९ मध्ये पाडून तिथे नवी किनारपट्टी घडवली, तेव्हा कलाकृतींचे पैसे बांधकामाच्या हिशोबातच होते.  आपल्याकडे धक्क्याच्या अंदाजपत्रकात कलेची ओळ आपणहून येत नाही. ती आणायची असेल तर अंदाजपत्रक कसं बनतं हे समजून घ्यावं लागतं, आणि आर्ट स्कूलमध्ये ते कुणी शिकवत नाही.

शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो ते दरसूचीवरून. खोदाई, काँक्रीट, गिलावा, रंगकाम, प्रत्येक बाबीचा दर छापलेला. 'भित्तिचित्र' अशी बाब मला त्या दरसूचीत सापडली नाही. मग अभियंता ते रंगकामाच्या दरानं धरतो, म्हणजे कलाकाराचं महिन्याचं काम चौरस मीटरवर मोजलं जातं. नाहीतर सरळ वगळतो. दरसूचीबाहेरची बाब घालायची तर दरविश्लेषण लागतं, कोटेशनं लागतात, वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते. त्यात तो अभियंता वाईट नसतो. उद्या ऑडिटमध्ये उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

यावर मला सापडलेला मार्ग सांगते, कारण माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. जे बांधलं जाणारच आहे, त्याच्या आत कला शिरवायची. लिलावगृहाला वारा खेळता राहावा म्हणून सिमेंटच्या जाळीची भिंत असतेच. त्या जाळीचा दर दरसूचीत आहे. आम्ही काय केलं, तर जाळं विणणाऱ्या दोन म्हाताऱ्या तांडेलांसोबत, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांसोबत, बसून वेगवेगळ्या जाळ्यांचे आस, म्हणजे डोळे, कागदावर उतरवले आणि त्यांतून जाळीच्या ठोकळ्याचे चार नमुने केले. नेहमीच्या जाळीचे पैसे सरकारी कामातून आले. वेगळे साचे, नमुनाकाराचं मानधन आणि तांडेलांच्या दिवसांची मजुरी एवढा फरकच आम्हाला बाहेरून आणावा लागला. दहा लाखांची कलाकृती मागणं आणि ठरलेल्या कामातला दोन लाखांचा फरक मागणं, यांत देणाऱ्याच्या टेबलावर फार अंतर पडतं. आणि ठेकेदारानं बांधलेली जाळी पावसानं पुसली जात नाही.

पण हे साधायचं तर निविदा निघायच्या आत पोचावं लागतं. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र, निघाल्यावर तुम्ही गेलात तर उरते फक्त तयार भिंत, आणि मग सगळा पैसा बाहेरूनच.

बाहेरचा पैसा म्हणजे बहुतेक वेळा सीएसआर, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची असते. कुठली कामं चालतात त्याची यादी त्याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहे; तिच्यात वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन बसतं, तसं उपजीविका आणि स्वच्छताही बसते. अर्ज नुसता 'चित्र काढायचंय' असा करू नका. धक्क्यावर बायकांना बसायला सावली, हात धुवायला पाणी, आणि त्याच बांधकामावर कला, असा एकत्र प्रस्ताव कंपनीच्या सीएसआर समितीला समजतो. तो खोटा नसतो. बंदराला खरोखर ते सगळंच हवं असतं.

इथे एक गल्लत नवखे हमखास करतात, मीही केली. कंपनीचा लोगो भिंतीवर मोठा काढू असं आश्वासन देऊन सीएसआर मागायचा नाही. वस्तूच्या किंवा सेवेच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत, आणि २०२१ च्या नियमबदलांनंतर हे अगदी स्पष्ट झालं आहे. लोगो हवा असेल तर पैसा कंपनीच्या मार्केटिंग खात्यातून येतो, त्यावर जीएसटी लागतो, आणि तो मागायचा माणूसही वेगळा असतो. धर्मादाय संस्थेनं देणगीदाराचं नाव जाहिरात न करता, निव्वळ कृतज्ञता म्हणून कोनशिलेवर लिहिलं तर त्यावर जीएसटी नाही, असा खुलासा २०१९ मध्ये झाला आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा: पैसा कुठल्या खात्यातून? उत्तराप्रमाणे करार, बिल आणि भिंतीवरची अक्षरं बदलतात.

तुमच्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारी), आणि १२ए, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या आधीच करून ठेवा. नसेल तर नोंदणी असलेल्या संस्थेबरोबर काम करा. परदेशी निधीचे नियम कडक आहेत. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, नसताना परदेशी पैसा खात्यावर घेऊ नका. परदेशी कलाकार बोलवायचा असेल तर त्या देशाच्या सांस्कृतिक संस्थेनं त्याचं तिकीट परस्पर काढलेलं बरं. संशोधनाच्या टप्प्यासाठी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्थांची अनुदानं बघा. ती रक्कम भिंत उभी करणारी नसते, पण बंदरात सहा महिने बसून ऐकायची मोकळीक देणारी असते, आणि तशी मोकळीक देणारे फार थोडे आहेत.

आता मार्च महिन्याबद्दल. बर्फ कारखान्याच्या त्या भिंतीसाठी एका कंपनीनं होकार दिला फेब्रुवारीत, पैसे आले २४ मार्चला, आणि निरोप आला की ३१ च्या आत खर्च दाखवा. भिंतीला लोणा होता. खाऱ्या हवेत जुन्या विटांतून मीठ पांढरं होऊन बाहेर येतं, हात फिरवला की पीठ लागतं. गिलावा खरवडून, भिंत गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, प्रायमर लावायला निदान दीड महिना हवा होता. आम्ही सात दिवसांत रंग चढवला. कलाकार मुलगी रात्री हॅलोजनच्या उजेडात काम करत होती. जून-जुलैचा पाऊस गेला आणि गणपतीपर्यंत चित्रातल्या होडीचे पापुद्रे सुटले. खालच्या तीन फुटांवर काहीच उरलं नाही. मावशींच्या जागेवर आठवडाभर परांची होती. त्यांना उन्हात, रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, आणि आम्ही त्यांना एक रुपया दिला नव्हता. त्या वर्षी मी तिथे परत जाताना मान वर करू शकले नाही.

आजच्या नियमांत कंपनीला 'चालू प्रकल्प' मंजूर करता येतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. प्रस्तावातच हे लिहा, टप्पे पाडा, आणि कंपनीनं घाई केली तर नम्रपणे हाच नियम दाखवा. नाहीच जमलं तर त्या मार्चचा पैसा सोडून द्या. मी तेव्हापासून दोनदा सोडला आहे.

बंदराचं स्वतःचं वेळापत्रक असतं, त्यावर निधीचं वेळापत्रक बेतायचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला काढलेली, माणसांना बोलायला सवड. चित्र काय असावं याच्या बैठका तेव्हा घ्या. नारळी पौर्णिमा झाली की कुणाला वेळ नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंपन्यांकडे अर्ज करा, भिंतीची डागडुजी दिवाळीनंतर, रंग डिसेंबर ते फेब्रुवारी. लिलावाच्या वेळेत परांची, लिफ्ट, कॅमेरा काहीही धक्क्यावर नको. गाडीला वळायला जागा नसली की मासळीचा भाव उतरतो, आणि तो तोटा कुणाच्या तरी घरचा असतो.

परवानग्यांचं एक चक्र असतं, त्यात अडकू नका. कंपनी म्हणते आधी जागामालकाचं ना-हरकत आणा. बंदर कार्यालय म्हणतं आधी पैसे दाखवा. दोघांकडून 'तत्त्वतः मान्यता' असं पत्र घ्यायचं, मग ते एकमेकांना दाखवायचं. मुंबईत बंदर प्राधिकरण, लहान बंदरांत महाराष्ट्र सागरी मंडळ, शिवाय मत्स्यव्यवसाय विभाग आणि ग्रामपंचायत. मच्छिमार सहकारी संस्थेचा ठराव कुणी मागो न मागो, मी सगळ्यांत आधी तोच घेते.

करारात एक कलम कधीच गाळू नका: भिंत पाडायची वेळ आली तर काय. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. सहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कलाकृती विकली तरी कलाकाराचा नैतिक हक्क उरतो, तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मुळे. बंदर हे सतत बदलणारं ठिकाण. धक्का वाढणार, शेड हलणार. किती दिवस आधी कळवायचं, नोंद कोण ठेवणार, हे आधीच लिहिलेलं असलं की कलाकार आणि अभियंता दोघंही निर्धास्त राहतात.

समजा हातात १० लाख आहेत. मी आता असे धरते: कलाकाराला ३ लाख, भिंतीच्या तयारीला दीड, साहित्याला दीड, परांची आणि लिफ्टला सव्वा, बंदरातल्या माणसांच्या खोळंब्याला आणि मजुरीला १ लाख, विम्याला आणि नोंदी-फोटोंना मिळून अर्धा, आणि पुढच्या देखभालीला सव्वा. टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, वजा जाता हातात किती पडतील हे कलाकाराला पहिल्याच दिवशी सांगा. 'खोळंबा' हा शब्द मी प्रस्तावात असाच लिहिते. एका अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय? मी त्यांना पहाटे साडेचारला धक्क्यावर घेऊन गेले. ते तासभर थांबले आणि ती ओळ राहिली.

देखभालीचे पैसे आता आम्ही मच्छिमार संस्थेच्या नावानं वेगळ्या खात्यात ठेवतो, दोन सह्यांवर. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्यातून पहिल्यांदा खर्च झाला. गोड्या पाण्याचा टँकर मागवून बर्फ कारखान्याची भिंत धुतली, खालचे तीन फूट नव्यानं गिलावून तिथे रंग न लावता घोटीव सिमेंटचा ओटा केला. ओट्याची उंची मावशींनी बसून ठरवली. पाटी मांडीजवळ यायला हवी होती, म्हणून आमच्या नकाशापेक्षा तो चार बोटं खाली आला.