टीम एक मॅच जिंकते, एक हरते... असा सीझन बघायचा कसा? (कोकणातल्या बास्केटबॉलवाल्यांसाठी)

आपली कॉलेजची टीम एखाद्या तगड्या टीमला धुते आणि पुढच्याच आठवड्यात जिला कोणी हिशोबात धरलं नव्हतं अशा टीमकडून हरते, मग कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते पोरांना माज आलाय, दुसरी म्हणते सरांना टीमच लावता येत नाही. दोन्हीकडचे मनापासून बोलत असतात, पण बहुतेकांनी फक्त शेवटचा स्कोअर बघितलेला असतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही कॉलेजला सपोर्ट करत असाल तरी हे वाचा. मला ही पोरंपोरी खेळताना बघायला फार आवडतं आणि त्यांच्याबद्दल न बघता काहीतरी बोललं गेलं की खरंच वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की वर-खाली सीझन असला की निकाल बाजूला ठेवायचा आणि टीमच्या सवयी बघायच्या, आणि त्या बघायला एक वही पुरते.

आधी कॅलेंडर समोर घ्या

मॅच बघायच्या आधी आपली टीम प्रॅक्टिसला उतरली कधी ते शोधा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि आपल्याकडची बरीचशी कोर्ट उघडी, सिमेंटची. त्यावर शेवाळ धरतं, रेषा दिसेनाशा होतात, पाय सरकला की घोटा गेलाच. म्हणजे ज्या दिवसांत मुंबईतली इनडोअर कोर्टवाली पोरं रोज शंभर-शंभर शॉट मारत असतात त्या दिवसांत आपली पोरं हॉलमध्ये नाहीतर कॉरिडॉरमध्ये ड्रिबलिंग आणि स्किपिंग करतात. मग येतात गणपती, आणि गणपतीत कोकणातलं पोर घरी नाही असं होतच नाही, व्हायलाही नको. त्यानंतर सेमिस्टरच्या परीक्षा, दिवाळी. हे सगळं मांडलंत की लक्षात येईल, सीझनच्या पहिल्या दोन-तीन मॅचेस म्हणजे आपल्यासाठी प्रॅक्टिसच चालू असते, त्यावरून टीम चांगली की वाईट हे ठरवायचंच नाही.

अजून एक गोष्ट, जी बाहेरच्यांना सांगूनही कळत नाही, ती म्हणजे शेवटची एसटी. लांजा, राजापूर, गुहागर, आतल्या गावांतून येणारी कितीतरी पोरं संध्याकाळच्या प्रॅक्टिसमधून अर्ध्यातच निघतात कारण ती गाडी गेली की घरी जायला काहीच नाही. प्रॅक्टिसच्या शेवटी सर पाच-पाचची गेम लावतात तेव्हा हेच प्लेयर नसतात. मग मॅचमध्ये चौथ्या क्वार्टरला तेच प्लेयर आत आले आणि पास चुकीच्या जागी गेला तर त्यात नवल काय? त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर कोण हॉस्टेलला आहे, कोण गावातला आणि कोण रोज ये-जा करतो हे लिहून ठेवा, पुढे खूप कामाला येतं.

मॅच कुठे झाली ते लिहा

उघड्यावर की आत, सकाळी की संध्याकाळी, बॉल रबरी होता की लेदरचा, हे चार शब्द वर लिहायचे. किनाऱ्याजवळच्या मैदानावर दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि लांबून मारलेला शॉट त्यात हलतो. हाफनंतर बास्केट बदलतात, म्हणून कोणत्या हाफमध्ये आपण कोणत्या बास्केटवर मारत होतो ते टिपलंत तर कधीकधी "दुसऱ्या हाफमध्ये पोरं ढेपाळली" याचं उत्तर तिथेच सापडतं. घामाने हात ओले, बॉल सटकतो, कोर्टवर बाजूच्या रस्त्याची लाल माती आलेली असते, बूट घसरतात. आणि उलट, आपली सिमेंटवर वाढलेली टीम लाकडी फ्लोअरवर गेली की पहिला क्वार्टर बॉलचा बाउन्स आणि काचेच्या बोर्डवरचा अंदाज घेण्यातच जातो. मुंबईला मॅच असेल तर प्रवासही लिहा. रात्रीची कोकणकन्या पकडायची, पहाटे उतरायचं, कुठेतरी तोंड धुवायचं आणि त्याच दिवशी खेळायचं, अशा मॅचचा निकाल आणि घरच्या कोर्टवरचा निकाल एका रांगेत लावून "फॉर्म गेला" म्हणणं मला पटत नाही.

आता वही: फक्त चार गोष्टी

डीन ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने बास्केटबॉलमध्ये मॅच कशावर फिरते ते चार गोष्टींत मांडलंय: शॉट किती चांगले पडले, बॉल किती वेळा फुकट घालवला (याला टर्नओव्हर म्हणतात), आपल्याच चुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती घेतले, म्हणजे तो उडालेला बॉल परत किती वेळा पकडला (हे ऑफेन्सिव्ह रिबाउंड), आणि फाउलमुळे मिळणारे फ्री थ्रो किती मिळवले. त्याच्या हिशोबात सगळ्यात जास्त वजन शॉटला, मग टर्नओव्हर, मग रिबाउंड, मग फ्री थ्रो. आपल्याला एवढं बस आहे. पानावर दोन्ही टीमसाठी रेघा मारत जायचं, टू पॉईंटर मारले-पडले, थ्री पॉईंटर मारले-पडले, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, फ्री थ्रो मारले-पडले. एकट्याला जमत नाही, दोघं बसा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, दुसऱ्या मॅचपासून हात बसतो.

मग पझेशन काढायची, म्हणजे बॉल किती वेळा आपल्याकडे आला. हिशोब सोपा आहे: एकूण शॉट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४. समजा एका मॅचमध्ये आपण ६० शॉट मारले, १२ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले, १८ टर्नओव्हर केले आणि १५ फ्री थ्रो मारले, तर पझेशन झाल्या साधारण ७३. त्यात पॉईंट केले ५८ आणि मॅच जिंकली. दुसऱ्या मॅचमध्ये समजा खेळ हळू झाला, पझेशन ६०, पॉईंट ५० आणि हरलो. कट्ट्यावर काय बोलतील? पहिल्या मॅचला ऑफेन्स मस्त होता, दुसऱ्याला मेला. आता भागाकार करा, ५८ भागिले ७३ म्हणजे ०.७९ आणि ५० भागिले ६० म्हणजे ०.८३. म्हणजे हरलेल्या मॅचमध्ये आपण बॉल जास्त चांगला वापरला होता, भोक कुठेतरी डिफेन्समध्ये होतं! हे एकदा दिसलं ना की मॅच बघायची नजरच बदलते, मी हे कोणालाही रात्रभर समजावून सांगायला तयार आहे.

चारपैकी टर्नओव्हर आणि रिबाउंड या दोन रेघांवर माझं जास्त लक्ष असतं. शॉट पडणं-न पडणं रोज हातात नसतं, पण बॉल सांभाळणं आणि शॉट उडाल्यावर आपल्या माणसाला पाठीने अडवून जागा धरणं, ज्याला बॉक्स आउट म्हणतात, हे रोज करता येतं. तीन-चार मॅचेसमध्ये टर्नओव्हर कमी-कमी होत असतील तर हरत असलेली टीमही सुधारतेय असं खुशाल समजा.

शून्यवाला आणि हिरो एकच पोरगा

यावर थोडं थांबतो कारण पोरांना सगळ्यात जास्त बोलणी यावरूनच बसतात. समजा आपला एक शूटर आहे, थ्री पॉईंटला शंभरात तीस टाकतो, म्हणजे आपल्या लेव्हलला चांगलाच. तो मॅचमध्ये पाच थ्री मारतो. पाचही चुकायची शक्यता किती? ०.७ पाच वेळा गुणा, येतं साधारण १७ टक्के. म्हणजे सहा मॅचमागे एकदा तो शून्यावर जाणार, काहीही बिघडलेलं नसताना. आणि पाचपैकी तीन किंवा जास्त पडायची शक्यता? तीही १६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सहामध्ये एकदा हिरो, सहामध्ये एकदा झिरो, आणि दोन्ही दिवशी हात तोच, मेहनत तीच. आपण मात्र एका दिवशी खांद्यावर घेतो आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचं नाव घेऊन नाही नाही ते लिहितो. अरे १९ वर्षांचं पोर आहे ते, घरी जाऊन मोबाईल उघडतं तेव्हा हे सगळं वाचतं.

म्हणून शूटरचं बघायचं असेल तर शॉट कसा मिळाला ते लिहा. मोकळा होता का, पाय स्थिर होते का, का घाईत एका पायावर उडवला. मोकळे शॉट चुकत असतील तर धीर धरा, पडतील. मोकळे शॉट मिळतच नसतील तर मात्र काळजीचं कारण आहे. तसंच दोन-तीन पॉईंटने जिंकलेली-हरलेली मॅच वहीत बरोबरीसारखीच धरा, शेवटचे एक-दोन शॉट इकडचे तिकडे झाले असते तर निकाल उलटा असता.

अमेरिकेतल्या कॉलेज टीम बघून काय घ्यायचं

मार्चमध्ये त्यांची ६८ टीमची नॉकआउट असते, मॅचेस आपल्याकडे रात्री उशिरा नाहीतर सकाळी चहाच्या वेळेला लागतात. मी आवर्जून बघा म्हणेन, कारण वर-खाली सीझन म्हणजे काय ते तिथे मोठ्या पडद्यावर दिसतं. २०११ ला यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) आपल्या लीगमध्ये ९ जिंकली, ९ हरली, नंतर लीगच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकली आणि पुढे देशाची चॅम्पियन झाली. २०२४ ला नॉर्थ कॅरोलिना स्टेट रेग्युलर सीझनच्या शेवटच्या चारही मॅचेस हरून १७-१४ वर होती, तिनेही पाच दिवसांत पाच जिंकून लीगची ट्रॉफी घेतली आणि ११ वं सीडिंग (स्पर्धेआधी ताकदीप्रमाणे दिलेला क्रमांक, १ सगळ्यात वरचा) असून शेवटच्या चारात गेली. आणि व्हर्जिनिया, २०१८ ला नंबर एकचं सीडिंग घेऊन १६ व्या सीडिंगच्या यूएमबीसी या कॉलेज टीमकडून ७४-५४ अशी हरली, पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी तोच कोच, बरेचसे तेच प्लेयर, चॅम्पियन!

फक्त एक फरक लक्षात ठेवा. त्यांना रेग्युलर सीझनमध्येच तिसेक मॅचेस मिळतात, चुकायला आणि सुधारायला जागा असते. आपल्याकडे झोनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेत, एक मॅच हरलं की बरेचदा खेळ संपला, म्हणून एका मॅचवरून पोरांचं वर्ष मोजू नका. नियमही वेगळे आहेत, त्यांच्या पुरुषांच्या मॅचेस २०-२० मिनिटांच्या दोन हाफच्या आणि शॉट क्लॉक (बॉल मिळाल्यावर शॉट मारायची मुदत) ३० सेकंदांचा, आपल्याकडे इंटरनॅशनल नियमांनी १० मिनिटांचे चार क्वार्टर आणि २४ सेकंद. त्यामुळे त्यांचे आकडे आपल्या वहीशी थेट जुळवायला जाऊ नका.

फाउल आणि बेंच

थोडक्यात सांगतो. पाच फाउल झाले की प्लेयर बाहेर, आणि क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन-दोन फ्री थ्रो. आपल्या टीम बऱ्याचदा सहा-सात जणांवरच चालतात, मेन पोस्टवाल्याला (बास्केटजवळ खेळणाऱ्याला) दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा फाउल पडला की सर त्याला बसवतात आणि तिथून मॅच निसटते. वहीत कोणाला कितवा फाउल कोणत्या क्वार्टरला पडला हे लिहा. "तिसऱ्या क्वार्टरला काय झालं कळलंच नाही" असं म्हणतात ना, ते बहुतेक वेळा यातूनच कळतं.

मैदानावर आपण काय करायचं

डिफेन्सला ओरडा. बास्केट पडल्यावर सगळेच ओरडतात, पण २४ सेकंद समोरच्याला शॉट मिळू दिला नाही तेव्हा ओरडलात तर पोरांना दुप्पट चेव येतो, बघा करून. बाहेरून कोचिंग करू नका, सर एक सांगतात आणि रेलिंगवरून दहा जण दुसरं, बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्या त्या पॉईंट गार्डने ऐकायचं कोणाचं? रेफ्रीला शिव्या तर अजिबात नाही, वातावरण तापतं आणि आपलीच पोरं डोकं घालवून टेक्निकल फाउल (गैरवर्तनाचा फाउल) ओढवून घेतात.

पोरींच्या मॅचला या. तिथे प्रेक्षक कमी असतात आणि बॉक्स आउट, पासिंग शिकायचं असेल तर मी म्हणेन आधी त्याच मॅचेस बघा, खेळ जमिनीवरून चालतो, कोणी उंचीच्या जोरावर निभावून नेत नाही.

पाणी, मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत, ओला बॉल पुसायला दोन कोरडे टॉवेल, एवढं कोणीतरी आठवणीने आणा. टायमर आणि स्कोअरशीटला माणूस कमी असतो, नियम येत असतील तर सरांना विचारून टेबलवर बसा. मोबाईलवर मॅच शूट करणार असाल तर बास्केटचे क्लोजअप नकोत, कोपऱ्यात उंचावर उभं राहून सगळं हाफ कोर्ट दिसेल असं धरा, तोच व्हिडिओ टीमच्या कामाचा.

आणि वही स्वतःकडे ठेवून मिरवू नका. चार-पाच मॅचेस झाल्या की सरांना शांतपणे दाखवा, ग्रुपवर फोटो टाकायच्या आधी. त्यात कोणाला नावं ठेवलेली नसावीत, नुसत्या रेघा. ते घेतील तेवढं घेतील. पाऊस उघडला की खराटा, ब्लीचिंग पावडर आणि दोन तास घेऊन कोर्टवर या, शेवाळ घासून काढलं आणि रेषा परत मारल्या तर टीमची प्रॅक्टिस एक आठवडा आधी सुरू होते, आणि पहिल्या मॅचच्या टर्नओव्हरच्या रेघांमध्ये तो आठवडा दिसेल.