घरात कोणाला दिवस गेले असतील तर मासे घेताना हे बघा

नाशकात समुद्राचा मासा घाट चढून बर्फात येतो, त्यामुळे आपलं सगळं लक्ष तो ताजा आहे का यावरच, कल्ले लाल दिसले की झालं. पण माशात पारा हा विषारी धातूही असतो, आणि तो तसा दिसत नाही, वासाला चवीला कळत नाही, आणि तळून, उकडून किंवा मीठ-कोकम चोळून जात पण नाही, कारण तो माशाच्या मांसातच मुरलेला असतो.

मग ओळखायचं कसं? आकारावरून. छोटे मासे खाऊन खाऊन मोठा मासा वाढतो आणि त्यांच्यातला सगळा पारा ह्याच्यात साठत जातो. म्हणून मांदेली, तारली, बांगडा, बोंबील, कोळंबी बिनधास्त घ्या. मोरी, मोठा कुपा, मोठी सुरमई टाळा. सुरमई नुसते पीस बघून घेऊ नका, आधी अख्खी दाखवायला सांगा, लहान असेल तर कधीतरी चालते.

आता मोरीचं जरा सविस्तर सांगते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून बऱ्याच घरात मोरीचं कालवण प्रेमाने करून घालतात, पण मोरी म्हणजे शार्क. अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथलं अन्न-औषध खातं) तक्त्यात शार्कमध्ये किलोला सरासरी जवळपास १ मिलिग्रॅम पारा आहे, म्हणजे १०० ग्रॅम खाल्लं की साधारण १०० मायक्रोग्रॅम, आणि ६० किलोच्या बाईला आठवड्याची मर्यादाच ९६ आहे (शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम धरून)! तारलीत तेवढ्याच वजनात दीडसुद्धा नाही. हा पारा नाळेतून बाळापर्यंत जातो, थोडा दुधातूनही, आणि बाळाचा मेंदू तेव्हाच घडत असतो. जपानच्या मिनामाताला १९५६ मध्ये पारा असलेले मासे खाऊन होणारा आजार उघड झाला, तिथे आईला फारसा त्रास नसताना बाळं अपंग जन्मली. त्यामुळे सासूबाई, आत्या कोणीही आग्रह केला तरी मोरी नको, बोंबलाचं कालवण करा.

मासे बंद मात्र करू नका प्लीज, बाळाला ओमेगा-३ लागतंच. आठवड्यात दोन-तीनदा छोटे मासे खा. शरीरातला पारा निम्मा व्हायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून बाळाचा विचार चालू असेल तर मोठे मासे चार-सहा महिने आधीच थांबवा.

आणि घरात कोणी मोठे मासे रोजच्यासारखे खात असेल नि हातापायाला मुंग्या, तोल जाणं, बाजूचं नीट न दिसणं असं होत असेल तर डॉक्टरांना कुठला मासा किती खाता ते आपणहून सांगा, रक्तातला पारा तपासता येतो.